छत्तिसावी फेरी: मत कोणी फिरवलं नाही, फक्त आडवं येणं सोडलं

१७ फेब्रुवारी १८०१ रोजी थॉमस जेफरसन अमेरिकेचा अध्यक्ष म्हणून निवडला गेला. गंमत अशी, की काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधीगृहातल्या त्या निर्णायक, छत्तिसाव्या फेरीत एकाही विरोधकाने आपलं मत त्याच्याकडे वळवलं नव्हतं. काहींनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या, एक जण सभागृहात आलाच नाही, आणि चार राज्यं शेवटपर्यंत त्याच्या विरोधातच राहिली. 'दोन पक्षांमधलं पहिलं शांततामय सत्तांतर' म्हणून ही घटना सांगितली जाते, तेव्हा डोळ्यांपुढे समजूतदारपणाचं चित्र येतं. प्रत्यक्षात समजूतदारपणा फारच थोडा होता. गणित होतं, नियम होते आणि डोक्यावर ४ मार्चची, म्हणजे नव्या अध्यक्षाच्या शपथेची, मुदत होती.

आधी घोळ कुठे होता ते पाहू. मूळ राज्यघटनेप्रमाणे प्रत्येक इलेक्टरला, म्हणजे राज्याने अध्यक्ष निवडण्यासाठी नेमलेल्या मतदाराला, दोन मतं असत, आणि त्यातलं कोणतं अध्यक्षासाठी आणि कोणतं उपाध्यक्षासाठी हे सांगायची सोयच नव्हती. सर्वाधिक मतं आणि बहुमत मिळालेला अध्यक्ष, त्याच्या खालचा उपाध्यक्ष. ही रचना करताना पक्ष असतील हे घटनाकारांनी धरलंच नव्हतं. १७९६ मध्येच त्याचा फटका बसला: फेडरलिस्ट पक्षाचा जॉन ॲडम्स ७१ मतांनी अध्यक्ष झाला आणि ६८ मतं मिळवणारा त्याचा प्रतिस्पर्धी जेफरसन उपाध्यक्ष. सरकार एका पक्षाचं आणि उपाध्यक्ष विरोधी पक्षाचा, अशी चार वर्षं गेली.

१८०० मध्ये दोन्ही पक्षांनी जोड्या लावल्या. फेडरलिस्टांकडून ॲडम्स आणि चार्ल्स कोट्सवर्थ पिंकनी, रिपब्लिकनांकडून जेफरसन आणि न्यू यॉर्कचा ॲरन बर. (हे रिपब्लिकन म्हणजे आजचा त्या नावाचा पक्ष नव्हे.) जोडी लावली की एक काळजी घ्यावी लागे: आपल्यापैकी एका इलेक्टरने दुसरं मत मुद्दाम भलत्याला द्यायचं, म्हणजे दोघांची मतं समान होणार नाहीत. फेडरलिस्टांनी ते नीट केलं. ऱ्होड आयलंडच्या एका इलेक्टरने पिंकनीऐवजी जॉन जे याला मत दिलं आणि ॲडम्स ६५, पिंकनी ६४ असा हिशेब बसला. रिपब्लिकनांकडून मात्र ते राहून गेलं. १७९६ मध्ये व्हर्जिनियाच्या इलेक्टरांनी बरला फक्त एक मत दिलं होतं आणि तो राग न्यू यॉर्ककर विसरले नव्हते. या वेळी पुन्हा दगा दिल्याचा आरोप नको म्हणून कोणीच मत सोडलं नाही. दुसऱ्या राज्यातला कोणीतरी सोडेल, असं प्रत्येकाने धरलं. जेफरसन ७३, बर ७३.

इथवर पोचायलाही साधी निवडणूक झाली नव्हती. बहुतेक राज्यांत इलेक्टर विधिमंडळं नेमत, त्यामुळे ज्याच्या हातात विधिमंडळ त्याच्या हातात नियम. व्हर्जिनियाने जिल्हावार पद्धत टाकून सगळे इलेक्टर एका यादीतून निवडायचं ठरवलं, म्हणजे ॲडम्सला तिथे एकही मत फुटू नये. पेनसिल्व्हेनियात दोन सभागृहं अडून बसली आणि शेवटी १५ मतं ८ विरुद्ध ७ अशी वाटून घ्यावी लागली. न्यू यॉर्कची १२ मतं मागच्या खेपेला ॲडम्सला गेली होती. १८०० च्या वसंतात बरने शहरात वजनदार उमेदवारांची यादी उभी करून विधिमंडळच फिरवलं. त्यावर फेडरलिस्टांचा पुढारी अलेक्झांडर हॅमिल्टन याने गव्हर्नर जॉन जे याला पत्र लिहिलं, की जुनं विधिमंडळ मुदत संपायच्या आत बोलवा आणि इलेक्टर निवडायची पद्धतच बदला. जे स्वतः फेडरलिस्ट. त्याने पत्रावर शेरा मारला, की पक्षाच्या फायद्यासाठी सुचवलेला हा उपाय अंगीकारणं मला शोभणार नाही, आणि पत्र ठेवून दिलं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची न झालेली कृती हीच.

आणखी एक हिशेब इथे नोंदवायला हवा. मताचा अधिकार नसलेल्या गुलामांपैकी दर पाचांमागे तीन माणसं धरून दक्षिणेतल्या राज्यांना जास्तीच्या जागा, आणि म्हणून जास्तीचे इलेक्टर, मिळत होते. जेफरसन आणि ॲडम्स यांच्यातलं अंतर अवघ्या आठ मतांचं. ती वाढ वजा केली तर पारडं ॲडम्सकडे झुकतं, हे न्यू इंग्लंडमधले फेडरलिस्ट तेव्हाही उघड बोलत होते.

आता समान मतांचा पेच. नियमाप्रमाणे निवड प्रतिनिधीगृहाने करायची, पण डोकी मोजून नाही: प्रत्येक राज्याला एक मत. राज्यं १६, म्हणजे विजयासाठी ९ हवीत. तेही नव्याने निवडून आलेल्या सभागृहाने नव्हे, तर १७९८-९९ मध्ये निवडलेल्या जुन्या, फेडरलिस्ट बहुमताच्या सभागृहाने. हरलेला पक्ष जिंकलेल्या पक्षातला अध्यक्ष निवडणार होता.

११ फेब्रुवारीला, बुधवारी, सिनेटचा अध्यक्ष या नात्याने राज्यांची पाकिटं उघडायचं काम उपाध्यक्षाचं, म्हणजे खुद्द जेफरसनचं. जॉर्जियाच्या कागदात नमुन्याच्या त्रुटी होत्या. त्याने ती चार मतं मोजली आणि कोणी हरकत घेतली नाही. मग प्रतिनिधी आपल्या सभागृहात गेले. कॅपिटॉलचा तेव्हा फक्त उत्तरेकडचा भाग बांधून झाला होता. सभागृहाने आधीच नियम केले होते: निवड होईपर्यंत तहकुबी नाही, दुसरं कामकाज नाही. प्रत्येक राज्याचे सदस्य आधी आपसात चिठ्ठ्या टाकत. बहुमत ज्याला, त्याचं नाव दोन कागदांवर लिहून दोन वेगळ्या पेट्यांत टाकलं जाई, आणि बरोबरी झाली तर 'विभागले' असा शेरा. दोन्ही पेट्या वेगवेगळे लोक मोजत आणि आकडे जुळवत.

पहिली फेरी: जेफरसन ८, बर ६, विभागलेली २. विभागलेली दोन म्हणजे व्हर्मांट आणि मेरीलँड. दुसरी फेरी तशीच, दहावी तशीच, रात्र उलटून गेली तरी तेच. मेरीलँडचे आठ सदस्य चार-चार असे अडकले होते. त्यातला जोसेफ निकोल्सन तापाने फणफणलेला. त्याला बर्फातून आणून शेजारच्या खोलीत खाटेवर झोपवलं होतं आणि मतपेटी त्याच्याकडे नेली जात होती. तो नसता तर मेरीलँड चार विरुद्ध तीन असं बरकडे गेलं असतं. शनिवारपर्यंत ३३ फेऱ्या झाल्या.

फेडरलिस्टांचा डाव काय होता? एक गट बरला निवडून आणू पाहत होता, कारण तो 'आपल्याशी बोलणी करील'. दुसरा गट म्हणत होता, ४ मार्चपर्यंत निवडच होऊ द्यायची नाही आणि कारभार तात्पुरता कोणा अधिकाऱ्याकडे द्यायचा. अध्यक्षच निवडला न गेल्यास काय, याचं स्पष्ट उत्तर घटनेत नव्हतं. त्यावर पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर मॅककीन आणि व्हर्जिनियाचा गव्हर्नर मन्रो यांनी आपापल्या राज्यांचे शिपाई तयार ठेवले. जेफरसनने १५ फेब्रुवारीला मन्रोला कळवलं, की असा अधिकारी नेमलात तर मधली राज्यं शस्त्र उचलतील असं आम्ही त्यांना उघड सांगितलं आहे. फ्रान्सच्या भीतीने उभारलेलं जादा सैन्य १८०० च्या जूनपर्यंत मोडीत निघालं होतं आणि त्याबरोबर हॅमिल्टनचं लष्करी पदही गेलं होतं. शांततेचं श्रेय वाटताना ही गोष्ट सहसा कोणी मोजत नाही.

गाठ सोडवली डेलावेअरच्या जेम्स बेयर्डने. त्याच्या राज्याचा तो एकुलता एक प्रतिनिधी, म्हणजे एका माणसाच्या हातात एक पूर्ण राज्य. हॅमिल्टन त्याला पत्रांवर पत्रं पाठवत होता, की जेफरसन मला पसंत नाही, पण बर त्याहून धोकादायक आहे. बेयर्डला मात्र ठोस गोष्टी हव्या होत्या: राष्ट्रीय कर्जाची परतफेड चालू राहील का, नौदल टिकेल का, आणि विल्मिंग्टनचा जकात अधिकारी मॅकलेन याच्यासारख्यांच्या नोकऱ्या राहतील का. मेरीलँडच्या सॅम्युएल स्मिथमार्फत आपल्याला हमी मिळाली, असं बेयर्डने १८०६ मध्ये शपथेवर सांगितलं. जेफरसनने असा कोणताही सौदा झाल्याचं नाकारलं. मॅकलेनची नोकरी राहिली, एवढं खरं. स्मिथने जेफरसनशी सहज गप्पा मारून त्या हमी म्हणून पुढे केल्या असाव्यात, हे मला जास्त पटतं.

बेयर्डने पक्षाच्या बैठकीत माघारीचा विचार सांगितला तेव्हा 'पळपुटा' म्हणून ओरडा झाला. पण मंगळवारी, छत्तिसाव्या फेरीत, मेरीलँडच्या चौघा बरसमर्थकांनी कोऱ्या चिठ्ठ्या टाकल्या आणि उरलेल्या चौघांमुळे राज्य जेफरसनकडे गेलं. व्हर्मांटचा लुइस मॉरिस गैरहजर राहिला. मागे उरला मॅथ्यू लायन, ज्याला ॲडम्सच्याच काळात राजद्रोहाच्या कायद्याखाली चार महिने तुरुंग आणि १००० डॉलर दंड झाला होता. व्हर्मांटचं मत त्याने दिलं. डेलावेअर आणि दक्षिण कॅरोलायना कोरी राहिली. अंतिम आकडा: जेफरसन १०, बर ४, कोरी २.

पुढचे दोन आठवडे तिरसटपणाचे आणि सभ्यतेचे, दोन्ही. ॲडम्सने जेफरसनला कळवलं, की तबेल्यात सात घोडे आणि दोन गाड्या सोडून जातो आहे, नव्याने खरेदीची गरज नाही. त्याच दिवसांत मावळत्या काँग्रेसने १६ नवे न्यायाधीश निर्माण केले आणि ॲडम्सने त्या जागा भरल्या. शिवाय कोलंबिया जिल्ह्यासाठी ४२ दंडाधिकारी नेमले. ३ मार्चच्या रात्रीपर्यंत सह्या-शिक्के चालले होते आणि काही नेमणूकपत्रं वाटायची राहून गेली. राहिलेल्यांत विल्यम मारबरीचं पत्र होतं. सर्वोच्च न्यायालयाचा १८०३ चा मारबरी विरुद्ध मॅडिसन हा निकाल त्यातूनच आला, आणि पत्रांवर शिक्के मारूनही ती पाठवायची राहिलेला परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल तोवर सरन्यायाधीश म्हणून तो निकाल लिहीत होता.

४ मार्चला पहाटे चारच्या टपालगाडीने ॲडम्स वॉशिंग्टन सोडून गेला. दुपारी जेफरसन आपल्या खाणावळीतून चालत कॅपिटॉलवर आला. शपथ मार्शलने दिली. दोघांचं हाडवैर होतं. त्या सकाळी मार्शल पिंकनीला पत्र लिहीत होता आणि त्यात जेफरसनच्या पक्षात स्वप्नाळू सिद्धांतवादी आणि पक्के दहशतवादी असे दोन तट आहेत, असं म्हणत होता. मधेच उठून तो शपथविधीला गेला, चार वाजता परतला आणि पत्र पुरं करताना लिहिलं, की भाषण एकंदर जुळवून घेणारं होतं. नौदलमंत्री स्टॉडर्ट मार्चअखेरपर्यंत आणि अर्थमंत्री डेक्स्टर मे महिन्यापर्यंत नव्या सरकारात काम बघत राहिले. खात्यांच्या किल्ल्या एका दिवसात हाती देता येत नाहीत, हे दोन्ही बाजूंना कळत होतं.

खरी कुरबुर नंतर नोकऱ्यांवरून झाली. न्यू हेवनच्या जकात कार्यालयात ॲडम्सने जाता जाता नेमलेल्या माणसाला जेफरसनने काढलं, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी निषेधाचा अर्ज केला. १२ जुलैला जेफरसनने उत्तर दिलं, की मृत्यूने रिकाम्या होणाऱ्या जागा थोड्या आणि राजीनाम्याने तर एकही नाही, मग आमच्या लोकांनी जागा मिळवायच्या कशा?

दोन मतांचा घोळ बाराव्या घटनादुरुस्तीने संपवला. अध्यक्षासाठी वेगळी चिठ्ठी, उपाध्यक्षासाठी वेगळी. आणि पेच पडलाच तर प्रतिनिधीगृहापुढे पाचाऐवजी पहिले तीनच उमेदवार. डिसेंबर १८०३ मध्ये काँग्रेसने ती मांडली आणि जून १८०४ मध्ये, पुढच्या निवडणुकीआधी, ती लागू झाली. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटने ती फेटाळली होती. बेयर्डच्या डेलावेअरनेही.