एबीएसचा दिवा आणि पुढच्या उजव्या चाकाची वायर

गेल्या पावसाळ्यात माणगावहून ताम्हिणी घाटाने पुण्याला परतताना एका डाव्या वळणावर माझ्या गाडीचे एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि ट्रॅक्शन कंट्रोल (वेग देताना चाके घसरू न देणारी यंत्रणा) यांचे पिवळे दिवे एकदम लागले आणि घर येईपर्यंत विझले नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली तेव्हा ते नेहमीप्रमाणे काही क्षण लागून विझले. पण सोसायटीच्या फाटकातून डावीकडे पूर्ण वळताच पुन्हा लागले. ही गोष्ट मी वहीत टिपून ठेवली.

पिवळे दिवे लागले तरी साधे ब्रेक काम करतात. मात्र जोरात दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते आणि सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी चालवूच नये. लाल दिवा नव्हता, म्हणून सावकाश वर्कशॉप गाठले. तिथे एबीएसचे मॉड्यूल, म्हणजे ती यंत्रणा चालवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बदलावे लागेल असे सांगितले गेले. मॉड्यूलच बिघडले असेल तर दोष फक्त डाव्या वळणावर का दिसतो, याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्याने मी गाडी परत आणली.

गाडीने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा माझा स्वस्त स्कॅनर केवळ इंजिनचे कोड वाचत असे. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडून एबीएस वाचणारा स्कॅनर आणला, तेव्हा सी ००४० हा कोड मिळाला, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाच्या वेगाच्या सेन्सरचे सर्किट. प्रत्येक चाकाला असा एक सेन्सर असतो आणि ट्रॅक्शन कंट्रोललाही घसरणारे चाक याच चार सेन्सरांवरून कळते, त्यामुळे एका सेन्सरचा संदेश तुटला की दोन्ही यंत्रणा बंद पडतात. कोड सर्किटचे नाव सांगतो, खराब भागाचे नव्हे. म्हणून नाना पेठेत जाऊन नवा सेन्सर घेण्याचा मोह मी आवरला. मोकळ्या मैदानात भाच्याला स्कॅनर घेऊन शेजारी बसवले आणि हळू गाडी चालवली. सरळ जाताना चारही चाकांचे वेग सारखे दिसत होते, डावीकडे वळताच उजव्या पुढच्या चाकाचा आकडा शून्यावर जात होता.

यानंतर एक संध्याकाळ मी चुकीच्या वाटेने घालवली. चाकाजवळचा कनेक्टर काढून इग्निशन चालू ठेवून व्होल्टेज मोजले, तर शून्य! मॉड्यूल पुरवठाच करत नाही, असे वाटून मी हादरलो. नंतर काकांनी समजावले की सेन्सर काढलेला दिसताच अनेक मॉड्यूल त्याचा पुरवठा आपणहून तोडतात. माझ्या गाडीत दोन तारांचा सक्रिय सेन्सर, म्हणजे मॉड्यूलकडून वीज मिळाल्यावरच चालणारा सेन्सर, आहे. तो साधारण ७ आणि १४ मिलिअँपिअर या विद्युत प्रवाहाच्या दोन पातळ्यांत संदेश देतो, त्यामुळे त्याच्यावर ओहम मीटर लावून काही कळत नाही, उलट तो बिघडू शकतो. तपासायची ती वायर.

म्हणून बॅटरीची ऋण तार काढली, मॉड्यूलचा आणि सेन्सरचा असे दोन्ही कनेक्टर सोडवले आणि लांब वायर जोडून मल्टिमीटरने दोन्ही तारा टोकापासून टोकापर्यंत मोजल्या. जोडलेल्या वायरचा रोध वजा केल्यावर दोन्ही तारा सरळ स्थितीत अर्ध्या ओहमच्या आत होत्या. भाच्याने स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवताच एका तारेचे सर्किट तुटले, सरळ करताच पुन्हा जुळले. सात-आठ वेळा फिरवून पाहिले, प्रत्येक वेळी तेच.

चाक काढून पाहिले तेव्हा कारण समोरच होते. वर्षभरापूर्वी शॉक अॅब्सॉर्बर बदलताना वायर धरणारा क्लॅम्प परत बसवलेलाच नव्हता. त्यामुळे प्रत्येक डाव्या वळणावर वायर ताणली जात होती. वरचे आवरण अखंड होते, पण ते कापताच आतले तांब्याचे तंतू तुटलेले आणि हिरवट पडलेले दिसले. अशा सतत वाकणाऱ्या जागी सांधा झाळणे (सोल्डर करणे) मला पटत नाही, कारण झाळ तारेत शिरून ती कडक होते आणि सांध्याच्या कडेला पुन्हा तुटते. मी मॉड्यूलकडील कनेक्टरपासून चाकापर्यंतचा वायरचा पूर्ण तुकडा बदलला आणि क्लॅम्प स्वतः घट्ट बसवला.

कोड पुसून थोडे अंतर चालवल्यावर यंत्रणेची स्वतःची तपासणी पूर्ण झाली आणि दिवे विझले. निर्जन कच्च्या रस्त्यावर कमी वेगात ब्रेक दाबून पाहिले. पायाखाली पेडल थरथरले, म्हणजे एबीएस काम करत होते. त्यानंतर ताम्हिणीतून तीनदा जाऊन आलो, त्यातले दोनदा मुसळधार पावसात, आणि दिवे लागले नाहीत.