नाव काय घालायचं?

आज रविवार, दुपारी भात करून झाला आणि पातेलं घासताना बोटाला ते ठिपके लागले. दर वेळी लागतात. काठाच्या जरा खाली, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं "सौ." आणि त्यापुढं घासून घासून पुसलेलं काहीतरी, मग शेवटी १९८१. मी १९९३ ची. लग्न झालेलं नाही. म्हणजे या पातेल्यावरचं एक अक्षरही माझं नाही, कारण पातेलंच माझं नाही. माझं कुठंय ते मला माहीत नाही. पण ते नंतर.

आमच्या घरी, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, नाव नसलेलं भांडं हे भांडंच नाही असं मानायचे. चमच्यावर सुद्धा आद्याक्षरं. दिवाळीच्या आधी आई मांडणीवरचं सगळं खाली काढायची आणि अंगणात चिंच लावून घासायला बसायची, आम्ही पाणी घालायला आणि पुसून उन्हात मांडायला, आणि त्या दोन दिवसांत मी जेवढं वाचलंय तेवढं शाळेच्या पुस्तकात नाही वाचलं. खरंतर वाचायला मी भांड्यांवरच शिकले असं म्हणलं तरी चालेल. "चि. सौ. कां. हीस मामाकडून सप्रेम भेट". यातल्या कां. ला मी "का" वाचायचे आणि मला वाटायचं मामाला कुणीतरी विचारतंय, का? का दिलं भांडं? आणि "कै." चं तर विचारूच नका. आमच्याकडं सहा ताटं होती तसली, कुणाच्या कुणाच्या वर्षश्राद्धाला वाटलेली, सगळ्यांवर कै. आणि खाली "यांचे स्मरणार्थ". कै. म्हणजे कैलास असं मी चौथीपर्यंत धरून चालले होते, आणि एवढे कैलास आपल्या भावकीत होते आणि एकही आता दिसत नाही याचं वाईट वाटायचं. पुढं डी.एड. ला कळलं की कै. म्हणजे कैलासवासी, म्हणजे मी तशी फार चुकले नव्हते. माझं रोजचं ताट आजोबांच्या चुलतभावाचं होतं. त्यांना मी कधी बघितलं नाही पण वीसेक वर्षं त्यांच्या नावावर जेवले.

आईचं नाव मात्र एकाही भांड्यावर नव्हतं. म्हणजे होतं, पण सौ. लागून अण्णांच्या नावासकट, आणि लग्नात बदललेलं. तिचं माहेरचं नाव कुठंच नाही. हे मला तेव्हा काही खटकलं वगैरे नव्हतं, उगाच खोटं कशाला बोला.

तर माझं डी.एड. झालं २०१२ ला. आणि भरती बंद. आमच्या बॅचच्या पोरींना विचारा, सगळ्यांची एकच कहाणी, २०१३ ला पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, २०१७ च्या डिसेंबरात ती अभियोग्यता चाचणी, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल, मग पोर्टल चालतंय का बघणं हाच एक उद्योग, आणि ऑगस्ट २०१९ ला यादी. मधली सात वर्षं मी एका खासगी शाळेत शिकवलं, महिना तीन हजार, पाकिटात घालून. ते पैसे कधी माझे वाटलेच नाहीत. गॅस संपला की पाकीट उघडायचं. नोकरी काय करता असं कुणी विचारलं तर अण्णा सांगायचे, "घरीच आहे, जरा शाळेत जाती."

सप्टेंबरात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वाडीच्या दोन शिक्षकी शाळेत रुजू झाले. पट तेवीस. पाऊस असा की ओढणी वाळायला तीन दिवस. शिक्षण सेवक, मानधन सहा हजार, तीन वर्षं. सहा हजार ऐकून इथल्या काकींना, म्हणजे माझ्या घरमालकिणीला, वाटलं की मी आठवड्याचा आकडा सांगतेय.

आणि ते सहा हजार पण यायला चार महिने लागले. कुठल्या तरी टेबलावर काहीतरी अडलं होतं, मग कुठला तरी आयडी निघायचा होता, मग ज्यांनी काढायचा ते रजेवर. चार महिने खोलीचं भाडं आणि गाडीभाडं अण्णांनी पाठवलं. सरकारी नोकरी लागलेली मुलगी दर दहा तारखेला बापाला फोन करून पैसे मागते आणि बाप शेजारच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मागच्या दारी जाऊन फोनवर बोलतो, असा प्रकार. किराणा उधारीवर. दुकानदारानं वहीत माझं पान घातलं आणि वर लिहिलं "बाई". नुसतं बाई. नाव विचारलंच नाही. आणि गंमत म्हणजे जगात माझ्या एकटीच्या जबाबदारीवर उघडलेलं ते पहिलं खातं.

जानेवारीत चोवीस हजार एकदम जमा झाले. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा मी तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवत होते, पुढची दोन गणितं फळ्यावर चुकीची लिहिली.

पहिल्यांदा वहीतलं पान बुजवलं. मग शनिवार-रविवार गावी. अण्णांच्या खिशातल्या डायरीत त्या चार महिन्यांचा हिशोब होता, अकरा हजार चारशे, पुढं "उसने" असं लिहिलेलं. लोकांचे वडील म्हणतात राहू दे गं पोरी, तुझे ते माझे वगैरे. मला पण वाटलं होतं म्हणतील. अण्णांनी पैसे घेतले, बोटाला थुंकी लावून दोनदा मोजले, एक पाचशेची नोट उजेडात धरून बघितली, आणि डायरीतल्या त्या ओळीवर आडवी रेघ मारली. आई चिडली त्यांच्यावर. मला मात्र इतकं भारी वाटलं की काय सांगू, म्हणजे परत येताना रात्रभर एसटीत झोप नाही, आणि सारखी ती रेघच डोळ्यापुढं. नको म्हणले असते तर मी अजून तिथंच असते, मागच्या दारी.

निघताना आई म्हणली, पहिल्या पगाराचं भांडं घे एक. कपडा विरतो, भांडं टिकतं. आणि मोठं घे, माणसं येतात जातात. आणि नाव घालून घे.

तर तालुक्याच्या बाजारात गेले. एकटीला दीड वाटी तांदूळ लागतो आणि मी घेतलं पाच-सहा माणसांच्या भाताचं पातेलं, वजनावर, काट्यावर घालून. दुकानदारानं ते पेनासारखं मशीन काढलं, वायर लावली, एकदा हवेतच घर्रर्र करून बघितलं आणि म्हणाला, "बोला बाई, नाव काय घालायचं?"

मला उत्तरच येईना.

म्हणजे नाव येतं हो मला माझं. रोज तेवीस नावं हजेरीत लिहिते. पण अण्णांचं घालावं तर पैसे त्यांचे मोजून परत केलेले. आडनावासकट माझं घालावं तर आई म्हणाली होती की आडनाव नको घालू, उद्या लग्न झाल्यावर बदलायचं, भांडं वाया. (भांडं वाया जातं हे मला आजपण पटत नाही. पण आईच्या डोक्यात ते पक्कं आहे.) नुसतं पहिलं नाव घालावं तर ते वाटीवर लहान पोरांचं घालतात तसं दिसणार. दुकानदार मशीन हातात धरून उभा, मागं एक बाई रुखवताचा डबा घेऊन, तिच्या पुढ्यात चिठ्ठीवर तीन ओळींचा मजकूर तयार, तारखेसकट. मी म्हणलं, राहू दे, पुढच्या वेळी आणते. तो म्हणाला, फुकट आहे हो. मी म्हणलं, तरी राहू दे.

आणि पुढची वेळ आलीच नाही. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला, नंतर विसरले, नंतर त्या कोऱ्या पातेल्याची सवय झाली.

२०२२ ला तीन वर्षं भरली आणि कायम झाले. मूळ वेतन २९,२००, आणि आमचं सुटल्यावर चार महिन्यांत, म्हणजे जानेवारी २०२३ पासून, शिक्षण सेवकांचं मानधन सोळा हजार झालं. आमच्या ग्रुपवर त्या दिवशी सगळ्यांनी अभिनंदनाचे फुगे टाकले पण त्या फुग्यांमागचं तोंड मला दिसत होतं. पगारपत्रक बघायचा मला नाद लागला. व्यवसाय कर दरमहा दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार बसवायचे म्हणून असेल, पण सगळ्यात लहान महिन्यालाच जास्त का, यावर मी आणि आमचे मुख्याध्यापक गुरुजी एक अख्खी मधली सुट्टी बोललो. पेन्शनच्या रकान्यात मी नवीन योजनेची. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेले तिकडं. त्या तारखेला मी आठवीत होते आणि बहुतेक दिवाळीची भांडी पुसत होते.

सेवापुस्तक केलं तेव्हा क्लार्कनं जन्मतारीख बघितली, बोटांवर मोजलं, आणि निवृत्तीचा रकाना पण भरून टाकला. ३१ मे २०५१. अठ्ठावन्न पूर्ण. मी म्हणलं आत्ताच? तो म्हणाला, "लिहून ठेवलेलं बरं असतं." पुढं कुठं बदली होईल माहीत नाही, लग्न होईल का माहीत नाही, आडनाव काय राहील माहीत नाही, पण घरी कधी जायचं ती तारीख निळ्या शाईत पक्की. त्या दिवशी चालत घरी आले, तीन किलोमीटर, वडाप सोडून दिली.

हां, पातेलं. गेल्या वर्षी माघी गणपतीच्या महाप्रसादाला वाडीतून भांडी गोळा केली. पोरं आली, मी दिलं. दुसऱ्या दिवशी देवळाच्या पडवीत सगळी भांडी मांडून ठेवलेली, ज्यानं त्यानं नाव बघून उचलायचं. सगळ्यांनी उचलली. माझ्यावर नाव नाही आणि कोरी पातेली तिथं एकही नाही, म्हणजे कुणीतरी अंदाजानं नेलेलं. शेवटी हे एक राहिलं, सौ. आणि १९८१ वालं. मी काकींना विचारलं, कुणाचं असेल? त्यांनी चष्मा लावून, उजेडाकडं फिरवून फिरवून बघितलं. १९८१ ला वाडीत चार लग्नं झाली म्हणाल्या, दोघी मुंबईला, एक गेली, एकीनं कालच आपलं नेलं. मग पातेलं माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "वापरा ओ बाई. कोण मागाय आलं तर देऊ."

अजून कोण आलेलं नाही. परवा पहिलीतल्या एकानं पोषण आहाराच्या ताटावरचं देणगीदाराचं नाव बोट ठेवून वाचलं आणि मला विचारलं, बाई, कै म्हंजे काय? मी म्हणलं, कैलास. खिचडी गार होत होती, आणि गडी चौथीत जाईपर्यंत मी इथंच आहे.

मधे तालुक्याला गेले तेव्हा त्या दुकानावरून गेले, मशीन चालू होतं. थांबले नाही. दुसऱ्याच्या पातेल्यावर काय नाव घालणार. पण तळ जाड आहे याचा, जुनं स्टील. भात अजिबात लागत नाही.