पिकअप गेला, पण नेमका कुठं गेला?

गाडी रस्त्यात एकदम बंद पडली तर निदान कळतं तरी. आमच्या 2006 च्या वॅगनआरनं तसं केलं नाही. तिचा पिकअप इतक्या सावकाश उतरत गेला की माझ्या पायाला त्याची सवयच होत गेली. रेस आपोआप जास्त दाबली जायची, गिअर आपोआप आधीच खाली यायचा, आणि मला वाटायचं गाडी आहे तशीच आहे. पुण्याहून भाऊ आला होता, त्यानं सोलापूरच्या आसरा पुलावर चढवली आणि म्हणाला, "अक्का, हँडब्रेक लावून चालवतीस काय?"

एका गॅरेजात दाखवली. त्या माणसानं बॉनेट उघडलं, दोनदा रेस दिली आणि निकाल सांगितला: "इंजिन बसलंय. काम काढावं लागेल." मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. व्हाउचर बघितल्याशिवाय चहाचे पैसेसुद्धा मंजूर करत नाही, तर इंजिनाचं काम दोनदा रेस देऊन कसं मंजूर करणार? हिशेब जुळत नसला की पहिला प्रश्न असतो: पैसे आलेच कमी, की पूर्ण आले आणि मधेच कुठं गळाले? गाडीलाही मी तोच लावला. इंजिनातून ताकदच निघत नाहीये, की निघतेय पण चाकापर्यंत पोचत नाहीये?

गळती आधी बघायची, कारण ती घरी बघता येते. हँडब्रेक घट्ट ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. इंजिन धाडकन बंद पडलं तर क्लच प्लेट धरतेय. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. (हा खेळ पुन्हा पुन्हा करू नये, प्लेट तापते.) आमचं लगेच बंद पडलं. मग टायरमधली हवा आणि ब्रेक. चाकं हाताला गरम लागतात का बघायचं, असं सगळे सांगतात. पण सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीचं दारसुद्धा हाताला लावून घेत नाही, तिथं चाकाचं काय कळणार! म्हणून पहाटे उठून विजापूर रोडनं सैफुलपर्यंत चक्कर मारली, शेवटी ब्रेक न दाबता गाडी आपोआप थांबू दिली आणि चारही चाकांना हात लावून बघितला. पुढचं डावं बाकीच्यांपेक्षा गरम होतं. ब्रेकचा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्या सुकल्या होत्या. त्या साफ करून ग्रीस लावल्यावर गाडी ढकलायला हलकी झाली, पण पुलावर रडगाणं तेच.

आणखी एक फुकटातली गोष्ट: इंजिन बंद ठेवून कुणाला तरी रेसचं पॅडल पूर्ण दाबायला सांगा आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, पूर्ण उघडतोय का ते बघा. जुन्या गाड्यांना केबल असते, ती सैल पडते. कधी पॅडलखाली दुहेरी मॅटच अडकलेली असते. आमच्याकडे दोन्ही ठीक होतं. एअर फिल्टर धुळीनं भरला होता, तो बदलला. फरक पडला, पण नावापुरता. इंजिनचा दिवा एकदाही पेटला नव्हता, पण त्यावर विसंबून राहू नये. क्लच घसरला, ब्रेक धरला, केबल सैल झाली, यातलं त्या दिव्याला काहीच कळत नाही.

म्हणजे ताकद इंजिनातच अडत होती. आता गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, असलेला माणूस हवा होता. विजापूर वेशीजवळ एक चाचा आहेत, बोलणं कमी आणि मोजणं जास्त. आधी त्यांनी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजलं. चारही सिलिंडर जवळपास सारखे. "कोन बोल्या इंजिन बसलंय? उठून पळंल की ते." पेट्रोलचं प्रेशरही बघितलं. भरपूर रेस दिल्यावरसुद्धा काटा पडला नाही. तसंही पेट्रोल कमी पडलं की गाडी गचके देते, मधेच सोडते, पुन्हा धरते. आमची गचके देत नव्हती. मागून कुणीतरी धरून ठेवल्यासारखी एकसुरी जड होती.

"काय बे, व्हॅक्यूमचा गेज कुठं ठेवलास?" चाचांनी पोराला हाक मारली. इनटेकच्या, म्हणजे इंजिन हवा आत ओढतं तिथल्या, एका नळीला तो जोडला; ती ओढ किती आहे ते तो दाखवतो. हा गेज मला फार आवडला. इंजिन नुसतं चालू असताना तो समुद्रसपाटीला पाऱ्याचे साधारण 17 ते 22 इंच दाखवतो, आणि दर हजार फुटांमागे एकेक इंच कमी होतो. सोलापूर साडेचारशे मीटरच्या आसपास, म्हणजे इथं दीडेक इंच वजा धरायचा. आमचा काटा 18 वर होता, उत्तम. मग चाचांनी रेस मिनिटाला 2500 फेऱ्यांपर्यंत नेली आणि तिथंच धरून ठेवली. काटा आधी वर गेला. मग 17, 16, 14, असा सावकाश खाली यायला लागला. रेस तेवढीच, आवाज तोच, फक्त काटा उतरतोय.

धूर बाहेर पडत नव्हता. आत जळालेलं बाहेर पडायला जागा नसली की नवी हवा आत घ्यायलाही जागा राहत नाही. सायलेन्सरच्या आधी धूर साफ करणारा एक डबा असतो, कॅटलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट. खात्री करायला चाचांनी त्याच्या आधी बसवलेला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर काढला. गंजून बसला होता, तेल सोडून बराच वेळ थांबावं लागलं. त्या भोकातून धुराला वाट मिळाली. ट्रॅक्टरसारखा आवाज करत कुंभार वेशीपर्यंत जाऊन आलो आणि गाडी चक्क ओढत होती! म्हणजे कॅटच चोंदला होता. त्यात मधाच्या पोळ्यासारखी सिरॅमिकची जाळी असते, ती वितळून मिटत आली होती.

मला वाटतं, इथं बरेच जण कॅट बदलून मोकळे होतात. पण जाळी आपण होऊन वितळत नाही. न जळालेलं पेट्रोल तिच्यात जाऊन पेटतं, तेव्हा ती वितळते. गेल्या पावसाळ्यात गाडी सकाळी सकाळी थोडं मिसिंग करायची, म्हणजे मधेच एखादा सिलिंडर पेटायचा नाही, ऊन पडलं की बंद व्हायचं. प्लग काढले तर चारातला एक काळा, आणि त्याच्या वायरीचं रबर तडकलेलं. दमट हवेत ठिणगी तिथूनच पळत होती. आधी प्लग आणि वायरी बदलल्या, मगच नव्या कॅटची ऑर्डर दिली.

शेजारच्या गॅरेजवाल्यानं सल्ला दिला होता, "ताई, आतलं फोडून पोकळ करा की, खर्च वाचंल." वाचला असता. पण पीयूसीला पेट्रोल गाडीचे सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि एचसी (न जळालेलं इंधन) मोजतात, आणि पोकळ डब्यातून ते जसेच्या तसे बाहेर येतात. शिवाय रोज माझ्याच गल्लीत तो धूर सोडायचा, हे मला पटलं नाही. जुना कॅट मात्र आठवणीनं परत मागून घ्या. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, भंगारवाल्याला त्याची किंमत बरोबर ठाऊक असते. मी बिलात तेवढी रक्कम वजा करून घेतली.

तुळजापूरच्या घाटात आता एसी बंद असला की तिसऱ्यावर चढते. एसी लावला, मागं तिघं बसले, की दुसरा टाकावाच लागतो. 1061 सीसीकडून याहून जास्त मागायचं नाही. पुढचं डावं चाक मात्र अजून थोडं तापतंय. चाचा म्हणाले कॅलिपरचे सील गेलेत, किट आणून ठेवलंय, येत्या रविवारी टाकायचं आहे.