थांबण्याचा हिशेब

संगणकाला लेखी हुकूम देण्याच्या खिडकीत, म्हणजे टर्मिनलमध्ये, कमांड लिहून एंटर दाबले की काम संपेपर्यंत पडदा बहुधा गप्पच राहतो. सांगण्यासारखे काही नसेल तर बोलू नये, ही यूनिक्स, लिनक्स या संगणक प्रणालींच्या घराण्याची जुनी रीत आहे आणि ती मला आवडतेही. मात्र हे मौन किती वेळ चालले होते, एवढे तरी नंतर कळावे असे वाटते. त्यासाठी कमांडच्या आधी ‘टाइम’ हा एक शब्द लिहिला की पुरते. काम उरकल्यावर ‘बॅश’ या शेलमध्ये, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, खाली तीन ओळी उमटतात: रिअल, यूजर आणि सिस.

बहुतेक जण पहिली ओळ वाचून थांबतात, कारण ती घड्याळाची असते आणि आपली चिडचिडही घड्याळाशीच बांधलेली असते. खरी माहिती पुढच्या दोन ओळींत असते. यूजर म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या कोडसाठी प्रोसेसर राबला तो वेळ, आणि सिस म्हणजे त्या प्रोग्रॅमच्या वतीने कर्नेलने, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याने, खर्च केलेला वेळ. या दोहोंची बेरीज रिअलपेक्षा बरीच कमी भरली, तर उरलेला वेळ कोणाची तरी वाट पाहण्यात गेला असे समजावे. कोकणातल्या एकेरी रुळांवरून पॅसेंजरने प्रवास करणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. गाडी धावली किती आणि क्रॉसिंगला उभी राहिली किती, हे दोन वेगळे हिशेब असतात हे त्याला चांगले ठाऊक असते. ‘स्लीप ५’ ही पाच सेकंद नुसती थांबणारी कमांड मोजून पाहिली तर रिअल पाच सेकंदांच्या किंचित वर दिसते आणि यूजर व सिस जवळजवळ शून्य असतात, कारण प्रोसेसरने त्यात काही केलेलेच नसते.

गुहागरच्या बाजूला घरी बसून काम करताना हा फरक मला फार उपयोगी पडतो. आरसिंक या फक्त नवे किंवा बदललेले तेवढेच पाठवणाऱ्या साधनाने बागेचे आणि किनाऱ्याचे फोटो दूरच्या सर्व्हरवर पाठवायला लागले की पाऊण तास सहज जातो, आणि ते पाहून भाच्याने नवा, वेगवान लॅपटॉप घेण्याचा सल्ला दिला होता. ‘टाइम’ लावून पाहिले तेव्हा यूजर आणि सिस मिळून एक मिनिटही भरत नव्हते. बाकीचा सगळा वेळ नेटवर्कच्या वाटेवर गेलेला होता आणि तो कोणत्याही लॅपटॉपने कमी झाला नसता. याउलट तेच फोटो इमेजमॅजिक या चित्रांवर काम करणाऱ्या साधनाने लहान करताना यूजरचा आकडा रिअलला जवळपास भिडतो. तिथे काम खरोखर प्रोसेसरचे असते. ते एक्सआर्ग्स या कमांडने प्रोसेसरच्या चार कोअरवर वाटून दिले की रिअल झपाट्याने खाली येते, पण यूजर साधारण तेवढेच राहते आणि पाहता पाहता रिअलपेक्षा मोठे होऊन बसते. प्रथम पाहणाऱ्याला यात गणिताची चूक वाटते. ती चूक नसून चारही कोअरचा वेळ एकत्र मिळवलेला असतो.

एकदाच मोजलेल्या आकड्यावर मात्र फार भरवसा ठेवू नये. पावसाळ्यात वीज जाते, संगणक नव्याने सुरू होतो आणि मोठ्या फोल्डरवर चालवलेले, फाइलींत शब्द शोधणारे ग्रेप रेंगाळते. लगेच दुसऱ्यांदा चालवले की तेच चुटकीसरशी संपते, कारण पहिल्या वेळी डिस्कवरून वाचलेल्या फाइली लिनक्सने मेमरीत राखून ठेवलेल्या असतात. ‘हायपरफाइन’ हे साधन कमांड अनेकदा चालवून सरासरी आणि विचलन सांगते, हवे असल्यास आधी सरावाच्या फेऱ्याही घेते. छोट्या कमांडींची तुलना करायला ते उत्तमच आहे, पण वीज आल्यानंतरच्या त्या पहिल्या, थंड फेरीचा अनुभव त्या सरासरीत सापडत नाही, आणि मला तर बहुतेक वेळा तोच भोगायचा असतो.

‘टाइम’ आधी लिहायचे राहून गेले तर काय, याचीही सोय शेलमध्ये आहे. झेडशेल या दुसऱ्या शेलमधील ‘रिपोर्टटाइम’ हे चल (व्हेरिएबल, म्हणजे सेटिंगचा आकडा) ठरवून दिले की जास्त वेळ घेणाऱ्या कमांडचे आकडे आपोआप छापले जातात. मात्र हे चल यूजर आणि सिस यांची बेरीज पाहते, घड्याळ पाहत नाही. त्यामुळे पाऊण तास नेटवर्कपाशी ताटकळलेली कमांड त्याच्या लेखी किरकोळ ठरू शकते. फिश शेल घड्याळाचा काळ मिलिसेकंदांत नोंदवून ठेवते, पण धावणे किती आणि थांबणे किती हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. तीनही आकडे हवे असतील तर काम पुन्हा करून पाहावे लागते, आणि आरसिंकच्या बाबतीत तेही जमत नाही, कारण दुसऱ्यांदा पाठवायला काही उरलेलेच नसते.