जिम रीव्ह्ज गायचाय? मग आधी आवाज उतरवा

गोव्यात किंवा वांद्र्याच्या जुन्या घरांमधे अमेरिकन कंट्री (तिकडच्या गावाकडच्या बाजाची गाणी) गाणारा जिम रीव्ह्ज कोण हे सांगायला लागत नाही, पण त्याचं 'ही'ल हॅव टू गो' कोणी गायला घेतलं की बघा, पहिल्याच ओळीला फुल आवाज! अरे गाण्यात तो माणूस फोनवर बोलतोय, मागे ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की गाणी वाजवणारं यंत्र) चालू आहे, तिच्याजवळ दुसराच कोणीतरी आहे आणि हा तिला हळूच विनवतोय, तिथे सभेत भाषण दिल्यासारखं गाऊन कसं चालेल.

गंमत म्हणजे रीव्ह्ज स्वतः आधी चांगला मोठ्यानं गायचा. १९५७ च्या 'फोर वॉल्स'ला त्याने आवाज खाली आणला आणि ओठ जवळजवळ माइकला लावून गायला, आणि मग तीच त्याची ओळख झाली. यात माइकचाही हात आहे, आपण स्टेजवर वापरतो तसला एका दिशेने ऐकणारा माइक तोंडाजवळ आणला की आवाजातला बेस आपोआप वाढतो, त्यामुळे साधा आवाजपण भरदार लागतो. फक्त प, ब आले की फट् फट् होतं, म्हणून माइक किंचित तिरका धरायचा, अगदी नाकासमोर नाही.

आता हळू गायचं म्हणजे हवा सोडत गायचं असं नाही हं, इथेच बरेच जण फसतात. कुजबुजल्यासारखं गायलं की अर्ध्या ओळीतच दम संपतो आणि सूर खाली घसरतो. आवाज लहान पण घट्ट पाहिजे, आणि त्यासाठी श्वास घेतल्यावर बरगड्या लगेच मिटू द्यायच्या नाहीत. कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनची गोष्ट आठवते, १९६१ मधे मोटार अपघातातून ती नुकतीच सावरत होती, तिच्या 'क्रेझी' या गाण्याचं वाद्यांचं रेकॉर्डिंग झालं पण बरगड्या इतक्या दुखत होत्या की वरचे सूर लागेनात, मग नंतर परत येऊन तिने गाणं गायलं. एवढं निवांत वाटणारं गाणं, पण त्याला ताकद किती लागते बघा!

'क्रेझी' लिहिलं विली नेल्सन या कंट्री गायकाने, आणि तो गातो कसा तर ठेक्याच्या जरा मागेपुढे, बोलता बोलता सुचल्यासारखं. हे जमवायचं असेल तर आधी गाण्याचे शब्द नुसते बोलून बघा, सुराशिवाय, आपण खरंच कोणाला तरी सांगतोय असे, मग बोलताना जिथे थांबलात तिथेच गातानाही थांबा. ओळ संपली की पियानो किंवा स्टील गिटार काहीतरी उत्तर देते, ती जागा भरायला जाऊ नका प्लीज.

आपल्याकडे सुगम संगीत शिकलेल्यांना इथे एक फायदा आहे आणि एक तोटा. फायदा असा की सुरावर खालून घसरत येणं आपल्याला मींडेमुळे कळतं, कंट्रीतही तसं करतात, फक्त ते अगदी छोटं असतं. तोटा म्हणजे मुरकी! हात शिवशिवतो तसा गळा शिवशिवतो, पण इथे हरकती घेतल्या की सगळं गेलंच म्हणून समजा. त्याऐवजी एखाद्याच शब्दावर छातीतला (खालचा, भरदार) आवाज पटकन डोक्यातल्या (वरच्या, पातळ) आवाजात फुटू द्यायचा, हुंदका आल्यासारखा, आणि तोही गाण्यात एखाद-दोनदाच. सूर सरळ धरायचा आणि कंप अगदी शेपटाला द्यायचा.

उच्चारांचं म्हणाल तर दक्षिणेकडची अमेरिकन नक्कल करायची काही गरज नाही, ती फार खोटी वाटते. पण 'हार्ट'मधे लांबवायचा तो 'आ', 'र' शेवटी येऊ द्यायचा, आणि आपला तो कडक ट जरा मऊ करायचा, बस्स.

आणि पट्टी! रीव्ह्जचा खर्ज सगळ्यांना लागणार नाही, ओढूनताणून लावला तर नुसती घरघर ऐकू येते. कराओके ॲपमधे पट्टी बदलायची सोय असते, ती दोन-तीन सूर वर घ्या, बायकांना त्याहून जास्त बदलावी लागेल, आणि सगळ्यात खालचा शब्द बोलण्याइतका स्पष्ट ऐकू आला की तीच पट्टी ठेवा.