आठ बोटं गज बाहेर

खानापुरात आमचं बंदूक दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. जांबोटी-कणकुंबीकडं भात पोसवलं की रानडुकरं उतरतात, आणि पीक संरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायच्या बंदुका माळ्यावरून खाली येतात. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर एक तात्या मुलाला घेऊन आले. बंदूक पोत्यात गुंडाळलेली. एसटीनं आणलेली.

"केप फुटतंय, बार उडंना झालाय. बगा की जरा."

"बार काढला का?"

"काल रात्रीचा हाय की आत."

माझ्या पोटात गोळा आला. गर्दीच्या गाडीतून भरलेली नळी आली होती. दुकानातल्या दोघांना आधी बाहेर काढलं, घोड्याखालची फुटकी केप, म्हणजे ठिणगी पाडणारी छोटी टोपी, उचलून टाकली आणि परसात मातीच्या बांधाकडं तोंड करून बंदूक ठेवली.

मग गज, म्हणजे बार ठासायची लांब सळई, नळीत घातला. तोंडासमोर न येता, बाजूला उभं राहून, दोन बोटांत धरून, न ठोकता. रिकाम्या नळीत तो तोंडाबरोबर बसतो. भरलेल्या नळीत दारू, काथ्या, छर्रे, वरचा बोळा मिळून चार बोटं बाहेर राहतो. इथं आठ बोटं राहिला.

"तात्या, एकच बार?"

"एकच."

मुलानं मान खाली घातली. रात्री शेतातल्या राखणीच्या माळ्यावर तो जागा होता. केपचा आवाज ऐकून त्याला वाटलं बार गेला. बापाचा डोळा लागल्यावर त्यानं दुसरा भरला. केप लावायच्या आत डुकरं पळाली, एवढंच. दोन बार एकदम पेटले असते तर नळी त्याच्या डाव्या हाताजवळच फाटली असती.

काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा असतो आणि तो पाण्यात विरघळतो. म्हणून आधी पाणी. तोंडातून ओतलं, पण वरचे दोन बोळे ते खाली लवकर जाऊ देईनात. मग निपलच्या, म्हणजे केप बसते त्या बोंडाच्या, भोकातून पिचकारीनं मारत राहिलो. अर्धा तास तसंच ठेवलं. घाई करायचं हे काम नव्हे. गजाच्या टोकाला मळसूत्री आकडा लावून काथ्या ओढला, छर्रे ओतले, पुन्हा काथ्या, आणि काळा चिखल. पुन्हा सगळं तसंच. तळाच्या चिखलाला खोबरेल तेलाचा वास येत होता. गंज चढू नये म्हणून पावसाळ्यात तेल घातलेलं, ते न पुसताच बार भरलेला, म्हणून दारू पेटली नव्हती.

निपल काढून वाट तारेनं साफ केली, गरम पाण्यानं नळी धुऊन वाळवली. रिकाम्या बंदुकीवर केप लावून तोंड गवताच्या पात्याजवळ धरलं. फुटताच पातं हललं. वाट मोकळी. भरायच्या आधी दर वेळी हे करायचं, असं मुलाला करून दाखवलं. बार उडाला नाही तर नळी बांधाकडंच धरून दोनशे मोजायचे, कारण ठिणगी कधी कधी आत धुमसत असते. त्याआधी बंदूक खाली घ्यायची नाही, कुणाच्या हातात द्यायची नाही.

चिखल खड्ड्यात पाणी घालून पुरला.

जाताना त्यांच्या गजावर कानशीनं दोन खाचा पाडल्या, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. मुलाला म्हटलं, डोळे मीट आणि सांग. त्यानं नळीच्या तोंडाशी अंगठा फिरवला.

"रिकामी."

"परत बघ."

त्यानं परत बघितलं.