२५ मीटर खोल, नखाएवढा समुद्रघोडा

पाण्याखाली गाइडने काठीचं टोक काळ्या वाळूतल्या एका झुपक्याकडे नेलं. मी ओकेची खूण केली, तीन-चार फोटोही काढले. खरं तर मला शेवाळाशिवाय काहीच दिसलं नव्हतं. बोटीवर येऊन कॅमेऱ्यात फोटो मोठा केला, तेव्हा कुठे त्या शेवाळात एक डोळा सापडला. हेअरी फ्रॉगफिश, केसाळ अंगाचा मासा! माझ्यापासून हातभर अंतरावर बसलेला, आणि मी त्याच्याकडे बघत असूनही तो मला दिसला नव्हता. फार वाईट वाटलं. गाइडला तसं सांगितलं, तर तो म्हणाला, "इबू, उद्या परत." तिकडे बाईमाणसाला आदराने इबू म्हणतात.

ही लेंबेची सामुद्रधुनी. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाचं ईशान्य टोक आणि लेंबे बेट यांच्या मधली चिंचोळी पट्टी. काठावर बितुंग बंदर, तळाशी ज्वालामुखीची काळी वाळू, त्यात कुजकी पानं, बाटल्या, दोरांचे तुकडे. रंगीत प्रवाळांच्या बागा बघायला इथे कुणी येत नाही. लपून बसणारे जीव शोधायला येतात. मी आले होते पिग्मी, म्हणजे नखाएवढ्या बुटक्या समुद्रघोड्यासाठी. मालवणला पहिल्यांदा पाण्याखाली डोकं घातलं, अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर हा डायव्हिंगचा पहिला कोर्स केला, पण त्याची मर्यादा १८ मीटर. हा समुद्रघोडा बहुतेकदा त्याच्याही खाली राहतो, म्हणून ३० मीटरचा ॲडव्हान्स्ड कोर्स आधी पुरा केला.

दुसऱ्या दिवशी गाइडने मासा शोधायला घेतलाच नाही. मला वाळूपासून दीड हातावर नुसतं स्थिर राहायला लावलं. माझे पाय खाली जात होते आणि फिनच्या प्रत्येक फटक्याने वाळू उडत होती. एकदा ती उडाली की मिनिटभर समोरचं काही दिसत नाही. त्याने माझ्या अंगावरचं एक किलो शिशाचं वजन काढून घेतलं आणि पाय बेडकासारखे बाजूला मारायला शिकवलं. श्वास घेतला की अंग जरा वर येतं, सोडला की खाली बसतं. हे कोर्समध्ये शिकले होते, पण अंगात मुरलं ते इथे.

मग डोळे. चाळीशी लागून मला दहा वर्षं झाली आहेत. मास्कच्या काचेतून पाण्याखाली वस्तू मोठ्या दिसतात, त्यामुळे चालून जातं असं मी धरून चालले होते. तसं चालत नाही. काचेच्या आतून चिकटवायची दोन छोटी भिंगं कुणीतरी दिली, आणि पहिल्यांदाच कोळंबीच्या मिशा दिसल्या. पन्नाशीच्या प्रत्येक डायव्हरने हे आधी करावं, महागडा कॅमेरा नंतर.

पाहायचं काय, हे गाइडने वहीत चित्र काढून सांगितलं. आकार शोधू नका, कारण आकारच तर मासा लपवतो. डोळा शोधा, तोंड शोधा, श्वासाने होणारी हालचाल शोधा. पुढच्या डाइव्हला त्याच उतारावर गेलो आणि या वेळी झुपका दिसताच मी थांबले. केसांसारख्या तंतूंमध्ये काहीतरी उघडझाप करत होतं. कपाळावरून एक काडी पुढे आली, तिच्या टोकाला पांढरट किडा वळवळल्यासारखा हलला. तो किडा म्हणजे माशाचंच आमिष. छोटा मासा जवळ आला की फ्रॉगफिशचं तोंड उघडतं आणि सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत घास गिळलेला असतो. तसं बघायला मिळालं नाही, पण मी त्याला स्वतः पाहिलं होतं.

पिग्मीसाठी सहाव्या दिवशी गेलो. त्याला शोधायचं म्हणजे त्याचं घर शोधायचं. म्युरिसेला जातीचा समुद्रपंखा, म्हणजे जाळीच्या पंख्यासारखं वाढलेलं मऊ प्रवाळ. हा समुद्रघोडा तिथेच राहतो. १९६९ साली जॉर्ज बार्जिबां न्यू कॅलेडोनियात संग्रहालयासाठी असे पंखे गोळा करत होते. एक पंखा टेबलावर तपासताना त्यांना या समुद्रघोड्यांची एक जोडी दिसली. समुद्रात ती नजरेतून सुटलीच होती!

पंखा २५ मीटरवर होता, माझ्याहून रुंद, करड्या-तपकिरी रंगाचा. गाइडने टॉर्च बाजूने तिरका धरला आणि सगळा पंखा एकदम लाल-गुलाबी झाला, कारण इतक्या खोलवर लाल प्रकाश पोचतच नाही. फांद्यांवर लाल गाठी, हजारो. त्यातल्या एका गाठीला शेपूट होती. फांदीला वळसा घालून बसलेली, वर फिकट अंग, अंगावर तशाच लाल गाठी, आखूड नाक आणि टाचणीच्या डोक्याएवढा डोळा. पुरा वाढला तरी हा जेमतेम २.४ सेंटिमीटर. हा माझ्या करंगळीच्या नखाएवढाच होता. मी श्वास हळू केला आणि पाहत राहिले. त्याने पाठ फिरवली, मग पुन्हा वळला.

या खोलीवर वेळ थोडा असतो, हवाही भराभर संपते. गाइडचा नियम होता, माणशी पाच फोटो, हात लावायचा नाही. काही ठिकाणी काठीने मासा वळवून फोटोसाठी समोर आणतात. असं करणाऱ्याबरोबर मी पुन्हा डाइव्ह करणार नाही. शेपटीची ती पकड सोडवायचा आपल्याला काय अधिकार?

मी तीन फोटो काढले. दोन धूसर आले.

शेवटच्या डाइव्हला गाइड पुढे निघून गेला होता. काळ्या फेदर स्टारच्या, म्हणजे पिसांसारखे हात असलेल्या सागरी जीवाच्या हातांमध्ये मला एक हात जरा जाड वाटला. डोकं खाली करून तरंगणारा ऑर्नेट घोस्ट पाइपफिश, नळीसारख्या तोंडाचा मासा, पोटाखालच्या परांच्या पिशवीत अंडी, म्हणजे मादी. मी पाठीवरच्या हवेच्या टाकीवर काठी वाजवली. गाइड परत आला, वाकून पाहिलं, माझा हात दाबला. मग पाटीवर "२" लिहून काठीचं टोक वीतभर डावीकडे नेलं. तिथे नर होता, तिच्याहून लहान. तो मला दिसलाच नव्हता.